बिनशेपटीचा उंदीर

मार्गशीर्षात नव्या धानाची आवक ऐन भरात असताना, तुमसरच्या बाजारपेठेतील ज्या एका अडत दुकानात माझे अधूनमधून जाणेयेणे असते तेथे मी एका संध्याकाळी बसलो होतो. दिवसभराच्या आवकजावकीचा मेळ संगणकावर घालीत असलेल्या वृद्ध मुनीमजींनी हातातला माऊस टेबलावर दोनदा आपटला, उताणा करून त्याच्या पोटाकडे निरखून पाहिले आणि अत्यंत खिन्न स्वरात मला विचारले, "सेल तर परवाच बदलला जी, आता याला काहून धाड भरली?" पडद्यावरचा बाण दोन पावले चाले, थबके, आणि मग मालकाचा हात कोठल्या कोठे गेल्यावर एकदम उडी मारून भलत्याच रकान्यात जाऊन बसे. दिवसभर मुकाट्याने राबणारा हा प्राणी दिवेलागणीलाच काय तो अडतो, ही गोष्ट मुनीमजींनी जाता जाता सांगितली होती. परंतु म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारीत असा पाल्हाळ असावयाचाच, अशा समजुतीने मी तिकडे कानाडोळा केला, आणि त्यापायी माझ्या तीन संध्याकाळी खर्ची पडल्या.

माऊसला उंदराचे नाव मिळाले ते त्याच्या आकारावरून जितके, तितकेच त्याच्या शेपटीवरूनही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली जो पहिला नमुना घडविला तो लाकडी पेटीचा होता. तिच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती, आणि तिच्यातून निघालेली तार शेपटीसारखी टेबलावरून लोळत जाई. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी हे यंत्र भर सभेत चालवून दाखविले आणि १९७० साली त्याचे पेटंट त्यांच्या नावे झाले. पुढे लॉजिटेक या कंपनीने १९९१ साली रेडिओलहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला आणि शेपूट गळून पडले. आपल्याकडे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेल्या गोष्टीतला सात शेपट्यांचा उंदीर पोरांच्या चिडवण्याला कंटाळून एकेक शेपटी न्हाव्याकडून कापून घेतो आणि अखेर बिनशेपटीचा होऊन बसतो, तेव्हाही त्याची सुटका होत नाही. या यांत्रिक उंदराची कथाही त्याहून फारशी निराळी नाही.

कारण ती शेपटी शोभेची नव्हती. त्या एका तारेकडे दोन खाती सोपविलेली होती: संगणकाकडून वीज आणून माऊसला पोसणे हे मुदपाकखान्याचे काम, आणि माऊसच्या प्रत्येक हालचालीची वर्दी संगणकाला पोहोचविणे हे डाकखान्याचे. तार कापली म्हणून ही खाती काही बरखास्त झाली नाहीत. पहिले माऊसच्या पोटातल्या सेलकडे गेले आणि दुसरे त्याच्या अंगात बसविलेल्या इवल्याशा प्रक्षेपकाकडे व संगणकाच्या खाचेत खोचलेल्या नखाएवढ्या रिसीव्हरकडे. म्हणून बिनतारी माऊस अडला म्हणजे तपासाची पहिली रीत अशी की, बिघाड अन्नाचा आहे की डाकेचा, याचा आधी निवाडा करावा. या दोन्ही खात्यांत काही आढळले नाही, तर मग माऊसच्या डोळ्याकडे, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष हुजुरांकडे, म्हणजे संगणकाकडे, संशयाने पाहावे.

अन्नाविषयी लिहिताना तुमसरच्या माणसाला थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. माऊसमध्ये आपण जो पेन्सिल सेल घालतो त्याच्या पोटात जी काळी पूड ठासून भरलेली असते ती मँगनीज डायऑक्साइडची होय. तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या फाट्यावर डोंगरी बुजुर्ग म्हणून जे ठिकाण लागते तेथील खुल्या खाणीतून जे मँगनीज निघते त्यात हा डायऑक्साइड विपुल असल्यामुळे त्याची ख्याती सेलच्या कारखानदारीत फार जुनी आहे. याच तालुक्यातील चिखल्याची खाण भूगर्भात उतरलेली; डोंगरीची उघड्यावरची. १८९६ साली मध्य प्रांतात मँगनीजचा शोध घेण्यासाठी जी इंग्रजी मंडळी स्थापन झाली तिची वारसदार म्हणून १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. आज तिला मॉइल म्हणतात आणि तिचे मुख्य दप्तर नागपुरास आहे. या कंपनीने डोंगरी बुजुर्ग येथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही, देशी तंत्रावर, चालविला आहे. मुनीमजींच्या माऊसमधला सेल कोठल्या मातीचा होता हे कोणी सांगावे. परंतु ज्या काळ्या दगडाच्या वाघिणी तुमसरच्या फाटकावरून लहानपणापासून जाताना पाहिल्या, त्याच जातीची भुकटी आपल्या तळहाताखाली वीज निर्माण करीत आहे, हा विचार मला तरी सुखद वाटतो.

ही वीज निर्माण होते कशी, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण सेलचे सगळे स्वभावदोष त्यातून उलगडतात. जस्त हा धातू आपल्याजवळील इलेक्ट्रॉन सोडून देण्यास उत्सुक असतो आणि मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारण्यास. या दोहोंमध्ये क्षाराचा ओलसर लगदा ठेवला आणि बाहेरून तारेचा रस्ता करून दिला, की ते इलेक्ट्रॉन त्या रस्त्याने जाता जाता आपले काम करून जातात. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच विद्वानाने १८६६ साली ही जोडी नवसागराच्या पाण्यात बसविली. पुढे पाण्याऐवजी लगदा आला आणि सेल 'कोरडा' झाला. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास लुइस उरी यांनी नवसागराच्या जागी तीव्र अल्कली घालून अधिक दमाचा सेल सिद्ध केला, ज्याला आज दुकानदार अल्कलाइन म्हणून चढ्या भावाने विकतात. स्वस्त सेलचा दोष हा की, त्याच्याकडून सतत काम घेतले असता तो लवकर दमतो, आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा काही काळ ताजातवाना दिसतो; रात्रभर पडून राहिलेला माऊस सकाळी उत्तम चालावा आणि दुपारनंतर लंगडावा, याचे हे एक कारण असू शकते. रेडिओचे सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन दिवसांच्या बातम्या ऐकून घेण्याची जी युक्ती आपल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केली तिच्या मुळाशी हेच शास्त्र होते: विश्रांतीने सेल सावरतो आणि उबेने त्यातील रासायनिक क्रियेला थोडा वेग येतो. अर्थात ही उसनवारी आहे, आणि उन्हात तापलेला जुना सेल आतला क्षार बाहेर सोडून देईल ही भीती निराळीच.

त्या पहिल्या संध्याकाळी मी हाच तर्क धरून चाललो. मुनीमजींनी आपला सेल निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळात घालून दाखविला आणि काटा टकटक चालू लागताच विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. हा पुरावा आपल्या घरोघर ग्राह्य मानला जातो; परंतु तो फसवा आहे. घड्याळाला लागणारी वीज इतकी अल्प असते की, ज्याच्यात केवळ धुगधुगी उरली आहे असा सेलही ते महिनोन्‌महिने चालवील. माऊसला मात्र आपला दिवा पेटवावयाचा असतो आणि दर क्षणी संदेशही धाडावयाचा असतो, त्यामुळे त्याची भूक मोठी. खरी कसोटी एकच: सीलबंद पाकिटातला नवा सेल घालून पाहणे. तो घालताना उंचवट्याचे टोक आणि सपाट टोक यांची दिशा पाहावी, स्प्रिंगला गंज अथवा पांढरी खरपुडी आली आहे काय ते पाहावे, आणि नवा माऊस असेल तर सेलच्या टोकाशी वेष्टनातली प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहून गेली नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी. सुशिक्षित माणसे या पट्टीपायी माऊस दुकानात परत करण्यास निघालेली मी पाहिली आहेत. पांढरी खरपुडी अल्कलाइन सेलच्या गळतीची असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन ती पुसावी, मग जागा पूर्ण कोरडी करावी. पुन्हापुन्हा चार्ज करता येणारे सेल वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट तर यांचा सुमारे १.२, आणि म्हणून काही माऊस भरल्या पोटीही उपासमारीची तक्रार करीत राहतात. मुनीमजींच्या माऊसमध्ये मी कोरा अल्कलाइन सेल घातला. बाण पूर्ववत अडखळत राहिला. मुदपाकखाना निर्दोष ठरला.

दुसऱ्या संध्याकाळी मी डोळ्याकडे वळलो. पूर्वीच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असे आणि तिच्यावर टेबलाचा मळ गुंडाळला जाई. आताच्या माऊसच्या पोटात एक दिवा, एक भिंग आणि एक अतिसूक्ष्म कॅमेरा असतो. हा कॅमेरा आपल्याखालील पृष्ठभागाची चित्रे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा टिपतो, आणि एका चित्रातले बारीक उंचसखल ठिपके पुढच्या चित्रात किती सरकले यावरून माऊस कोणीकडे व किती चालला याचा हिशेब लावतो. तेव्हा ज्या पृष्ठभागावर ठिपकेच नाहीत, जसा आरसा, गुळगुळीत सनमायका किंवा स्वच्छ काच, तेथे या डोळ्याला दिसावयाचे काय? आपल्या दुकानदारीच्या टेबलांवर तर काच अंथरण्याचा दस्तूरच आहे, आणि त्या काचेखाली लक्ष्मीची तसबीर, गतवर्षीचे पंचांग, ट्रान्सपोर्टवाल्यांची कार्डे आणि नातवाचा फोटो असा सगळा संसार मांडलेला असतो. माऊसला ती लक्ष्मी दिसत नाही असे नाही; परंतु ती काचेच्या जाडीइतकी दूर असल्याने भिंगाच्या टप्प्यात धड येत नाही, आणि वरून काचेची चकाकी डोळ्यावर येते. यावर उपाय माऊस पॅडचा, आणि तो नसेल तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा. छापील नक्षी नसलेला साधा पुठ्ठा उत्तम.

याशिवाय धान्याच्या बाजारात डोळ्याचा आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे कोंडा. धान भरडताना जी पिवळसर, तेलकट, पिठाहून बारीक धूळ उडते ती गिरणीपासून शंभर पावलांवरच्या दप्तरातही पोहोचते, आणि माऊसच्या डोळ्याच्या खाचेत एकदा जाऊन बसली की फुंकरीने निघत नाही. कोरड्या मऊ कुंचल्याने किंवा कानकोरण्याच्या कापसाने ती हलकेच काढावी, पाण्याचा थेंबही लावू नये. पोटाखालचा तांबडा दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला असेही समजू नये. कित्येक माऊसमध्ये अवरक्त दिवा असतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा जांभळट चमकताना आढळतो. मी मुनीमजींच्या माऊसचा डोळा साफ केला, त्याखाली पुठ्ठा ठेवला. बाणाचे उडणे थोडे कमी झाले. अडणे मात्र कायम राहिले, आणि तेही पुन्हा दिवेलागणीलाच.

संगणकाची झडती मी घाईघाईने उरकली, कारण तिच्यात सांगण्यासारखे थोडे आहे. तीच जोडी दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी, म्हणजे दोष उंदराचा की हुजुरांचा याचा निकाल एका मिनिटात लागतो. विजेची बचत करण्याच्या उत्साहात विंडोज कधी कधी यूएसबीच्या खाचेचाच पुरवठा तोडते, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये तशी मुभा दिलेली असल्यास ती काढून घ्यावी. बाणच हलत नसताना हे सर्व करावे कसे, असा पेच पडला तर कीबोर्डवरील डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक ही त्रयी एकदम दाबावी आणि विचारणा येताच एंटर करावे, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण चालविता येतो: आठने वर, दोनने खाली, चारने डावीकडे, सहाने उजवीकडे, आणि पाच म्हणजे क्लिक. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे वागणाऱ्या माऊसचा रोग मात्र यांपैकी कोणताच नव्हे. त्याच्या बटणाखालची धातूची बारीक पाती झिजलेली असते, आणि डाग देण्याची कला अवगत नसलेल्याने त्याला रजा द्यावी हेच बरे.

राहिला डाकखाना. बिनतारी माऊस ज्या लहरींवर बोलतो त्यांची वारंवारिता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, एका वितीहूनही कमी. लहरींचा हा पट्टा जगभर खुला ठेवलेला आहे. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासदेखील परवाना लागत असे. घरच्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक घेऊन दरसाल डाकघराच्या खिडकीशी उभे राहिलेले लोक अजून हयात आहेत. २००५ सालच्या जानेवारीत केंद्र सरकारने अल्पशक्तीच्या यंत्रांना या पट्ट्यापुरती परवान्यातून माफी दिली नसती, तर मुनीमजींना आपल्या उंदरासाठीही दिल्लीहून सनद आणावी लागली असती. परंतु खुल्या रस्त्यावर जशी गर्दी होते तशी येथेही झाली. वाय-फायचा राऊटर, ब्लूटूथची यंत्रे आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व मंडळी याच रस्त्याने येजा करतात, आणि त्यांच्या गलक्यात माऊसची चिमुकली हाक दबून जाऊ शकते. असे बहुतेक माऊस केवळ आपल्या जोडीच्या रिसीव्हरचीच भाषा ओळखतात, म्हणून रिसीव्हर हरवल्यास दुसऱ्याचा आणून सहसा भागत नाही. आणि एकाच बनावटीचे दोन माऊस शेजारच्या टेबलांवर अदलाबदल झाले तर एकाच्या हाताने दुसऱ्याच्या पडद्यावरचा बाण फिरू लागतो, हा भुताटकीचा प्रकार मी एका दप्तरात प्रत्यक्ष अनुभवला आहे.

तिसऱ्या संध्याकाळी मी टेबलाखाली वाकलो. टेबल पोलादी पत्र्याचे. त्याच्या पोटात पत्र्याच्याच पेटीतला, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो संगणक. आणि त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, रिसीव्हर खोचलेला. माऊसची हाक दोन पत्र्यांना वळसा घालून मागे पोहोचत होती. तरी दिवसभर ती पोहोचत होती, हेही खरे. इतक्यात मुनीमजींनी, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे, गल्ल्याच्या पेटीतून एक काळी चपटी डबी काढली आणि तिची वायर रिसीव्हरच्या शेजारच्या निळ्या खाचेत घातली. दिवसभराचा हिशेब त्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवण्याची, आणि ती डबी रात्री घरी नेण्याची, मालकांची सक्त ताकीद होती. डबीचा दिवा लुकलुकू लागला आणि त्याच क्षणी बाण अडखळला. वायर काढली, बाण सरळ चालू लागला. पुन्हा घातली, पुन्हा अडला.

त्या निळ्या खाचेला यूएसबी ३ म्हणतात. तिच्यातून सेकंदाला पाच अब्ज बिट या वेगाने माहिती धावते, आणि इतक्या वेगाने उघडझाप करणाऱ्या विद्युत्प्रवाहातून, डबीच्या व वायरीच्या आवरणात जेथे जेथे फट असेल तेथून, रेडिओलहरींचा एक पसरट गोंगाट बाहेर पडतो. त्या गोंगाटाचा बराचसा भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. इंटेल कंपनीने २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध करून हे मापून दाखविले होते. रिसीव्हर त्या खाचेला खेटून बसलेला. कानाशी ढोल वाजत असताना टेबलापलीकडून कोणी कुजबुजावे, तशी त्याची गत झाली होती. मुनीमजींनी सांगितलेल्या दिवेलागणीच्या वेळेत सगळा उलगडा पहिल्याच दिवशी दडलेला होता, आणि मी सेल मोजीत बसलो होतो.

उपाय दोन होते. एक, रिसीव्हर पुढच्या बाजूच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या खाचेत लावणे. परंतु मुनीमजींच्या संगणकाच्या पुढच्या दोन्ही खाचा कोंड्याने केव्हाच निकामी झाल्या होत्या. तेव्हा दुसरा: हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर मागच्या काळ्या खाचेत घालून तिचे दुसरे टोक, रिसीव्हरसकट, पत्र्याच्या बाहेर टेबलाच्या वर आणणे. बाजारातून ती वायर आणविली, रिसीव्हर तिच्या टोकाला बसविला आणि काळी डबी चालू असतानाच माऊस फिरवून पाहिला. बाण तेलात फिरल्यासारखा फिरू लागला.

मुनीमजींनी ती टेबलावर आलेली वायर क्षणभर न्याहाळली. "म्हणजे शेपूट लावलंच जी शेवटी," ते म्हणाले, आणि गल्ल्याखालच्या लाकडी खणातून पोती शिवायच्या सुतळीचा एक तुकडा काढून त्यांनी ती वायर टेबलाच्या पायाला दोन गाठी मारून बांधून टाकली.